उघडं, बंद आणि उघडत असलेलं

उपयोजित कलेच्या वर्गातली निम्मी मुलं गणिताला कंटाळून तिथं आलेली असतात. प्रवेश अर्जात हे कुणी लिहीत नाही, पण पहिल्या आठवड्यात एकमेकांना विचारलं की कळतंच. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ग्रेड बरी आलेली, दहावीच्या भूमितीत आकृत्या सुबक आणि सिद्धता अर्ध्यावर सोडलेल्या, घरच्यांनी कॉमर्सचा फॉर्म आणून ठेवलेला, आणि मग कुणीतरी मामा किंवा काका मध्ये पडतो, “अहो, हात चांगला आहे तिचा, जाऊ द्या तिला तिकडं.” मी अशीच गेले. पोस्टर कलर, बटर पेपर, कटर, लेटरिंगचे तास, रात्रभर जागून केलेली सबमिशन्स, सगळं मनासारखं चाललं होतं. आणि तिसऱ्या वर्षाच्या टाइमटेबलात ‘मल्टिमीडिया’ या गोंडस नावाखाली स्क्रिप्टिंग, म्हणजे पडद्यावर कधी काय व्हावं हे संगणकाला लिहून सांगणं, येऊन बसलं.

हे २००४ सालचं पुणं. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढं थोडी कुरकुर आहे. कॉम्प्युटर लॅबच्या दाराबाहेर चपलांचा ढीग, आत एसीची घरघर आणि जाडजूड मॉनिटर. आमच्या बोटांना रंग लागलेले असायचे म्हणून लॅब असिस्टंट दारातच हात बघायचा. पहिल्या सत्रात शिकवायला जे होते ते फळ्यावर कोड लिहायचे आणि आम्ही तो वहीत उतरवून घ्यायचो. शाईच्या पेनानं. महिरपी कंस काढायला मजा यायची, मी तर कॅलिग्राफीच्या निबनं काढायचे. लेखी परीक्षेत ‘चेंडू डावीकडून उजवीकडे नेण्यासाठी स्क्रिप्ट लिहा’ असा प्रश्न आला आणि बहुतेकांनी तो पाठांतरावर सोडवला. चेंडू प्रत्यक्षात कुणाचाच हलला नव्हता. पोहण्याच्या तलावाचं क्षेत्रफळ काढून पोहण्याचे मार्क मिळावेत, तसं ते सत्र गेलं.

अभ्यासक्रमात तेव्हा अजून ‘डायरेक्टर’ होतं. मल्टिमीडिया सीडी त्यात बनायच्या. शाळांसाठीचे धडे, बिल्डरांची सादरीकरणं, देवस्थानांची माहिती, सगळं सीडीवर. हे सॉफ्टवेअर १९८५ साली ‘व्हिडिओवर्क्स’ नावानं मॅकिंटॉशवर आलं, १९८७ मध्ये त्याचं ‘डायरेक्टर’ झालं, आणि पुढं जॉन हेन्री थॉम्पसन या माणसानं त्यासाठी ‘लिंगो’ नावाची स्क्रिप्टची भाषा तयार केली. ही भाषा जवळजवळ साध्या इंग्रजी वाक्यांसारखी होती. माऊसचं बटण सुटलं की अमुक फ्रेमला जा, एवढं लिहिलं की झालं. शिवाय त्या सॉफ्टवेअरची सगळी मांडणीच नाटकाची. पडद्यावरच्या जागेला स्टेज, चित्रं-आवाज-अक्षरं जिथं साठवायची ती कास्ट, आणि कोण कधी स्टेजवर येणार, कधी जाणार याचा तक्ता म्हणजे स्कोअर.

आमच्या वर्गात एक मुलगा पुरुषोत्तम करंडकाला कॉलेजच्या एकांकिकेची प्रकाशयोजना करायचा. चित्रकलेत यथातथाच होता. पण लिंगो त्याला आमच्याआधी कळलं, आणि का कळलं हे त्यानं लॅबबाहेरच्या पायरीवर बसून मला सांगितलं. तो म्हणाला, लाइटवाल्याच्या वहीत कधी ‘तीन मिनिटांनी निळा’ असं लिहिलेलं नसतं. ‘ती खुर्चीतून उठली की निळा’ असं लिहिलेलं असतं. नटी एखाद्या प्रयोगात उशिरा उठली, तर निळा उशिरा येतो. उठलीच नाही, तर काय करायचं तेही ठरवून ठेवावं लागतं. “अॅनिमेशन म्हणजे तीन मिनिटांनी निळा,” तो म्हणाला, “आणि स्क्रिप्ट म्हणजे ती उठली की निळा.” मला वाटतं, त्या वर्षात मी ऐकलेलं सगळ्यात कामाचं वाक्य ते होतं, आणि ते फळ्यावर आलं नव्हतं.

दुसऱ्या सत्रात नवे सर आले. पाहुणे व्याख्याते. आठवडाभर सीडी बनवायच्या एका छोट्या स्टुडिओत काम करायचे आणि शनिवारी आमच्याकडे यायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी डायरेक्टर बाजूला सारलं आणि ‘फ्लॅश’ उघडलं. एमएक्स २००४ ही आवृत्ती. फ्लॅशचा इतिहास गमतीचा आहे. जोनाथन गे याच्या फ्यूचरवेव्ह या कंपनीनं ‘फ्यूचरस्प्लॅश अॅनिमेटर’ नावाचं छोटंसं अॅनिमेशनचं साधन काढलं, मॅक्रोमीडियानं ते १९९६ च्या अखेरीस विकत घेतलं आणि नाव आखडून फ्लॅश केलं. सुरुवातीला त्यात बटण दाबल्यावर इथून तिथं जाण्यापलीकडे फारसं काही करता येत नव्हतं. २००० साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत मात्र अॅक्शनस्क्रिप्ट ही खरीखुरी भाषा आली, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्याच घराण्यातली. म्हणजे ब्रेंडन आइकनं १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत पहिला आराखडा उभा केलेल्या त्या भाषेची ही चुलत बहीण. हे नातं पुढं आम्हाला फार उपयोगी पडणार होतं, पण तेव्हा कुणाला पर्वा होती!

सरांनी पहिली आज्ञा शिकवली ती ‘स्टॉप’. फ्लॅशमधलं कुठलंही काम आपसूक चालत राहायचं, शेवटच्या फ्रेमला पोचलं की पुन्हा पहिल्यापासून. त्याला थांबवल्याशिवाय समोरच्या माणसाला काही करायची जागाच मिळत नाही. पहिल्या फ्रेमवर एफ-नाइन दाबून अॅक्शनची खिडकी उघडायची, ‘स्टॉप’ लिहायचं, कंस उघडायचा-मिटवायचा, अर्धविराम द्यायचा. पडदा गप्प होतो. आता पुढचं पाऊल बघणाऱ्याचं.

वर्षाच्या शेवटी करायच्या प्रकल्पासाठी आमच्या गटानं वाडा निवडला. पेठांमधले वाडे तेव्हा भराभर पाडले जात होते आणि रेखाटनांसाठी आम्ही तिथं हिंडतच होतो. दिंडी दरवाजा, चौक, माजघर, ओसरीवर झोपाळा. माऊसनं वाड्यात फिरायचं, दारं उघडायची, वस्तूंना हात लावायचा. चित्रं आम्ही जलरंगात काढली, स्कॅन केली, तुकडे केले. इथवर आमची हुकमत. पुढं झोपाळा हलवायची वेळ आली.

झोपाळा चित्रांतून हलवता येतो. डावीकडे एक, उजवीकडे एक, मधली चित्रं संगणक भरतो. पण तसा झोपाळा सगळ्यांसाठी, सगळ्या वेळी एकसारखाच हलतो. आम्हाला तो धक्का दिल्यावर हलायला हवा होता आणि हळूहळू थांबायला. सर म्हणाले, “मग साइन लागेल.” वर्गात अक्षरशः कण्हल्यासारखा आवाज झाला. भिंतीला टेकवलेली शिडी आणि दीपगृहावरून दिसणारी नाव, ज्यांना चुकवायला आम्ही इथवर आलो, ती मंडळी दारात उभी.

सरांनी प्रमेय वगैरे काही काढलं नाही. म्हणाले, साइन ही एक पेटी समजा. तिला वाढत जाणारा आकडा द्या, ती तुम्हाला उणे एक आणि अधिक एक यांच्या मध्ये ये-जा करणारा आकडा परत देईल, आणि टोकाशी जाताना हळू होऊन. बस्स. त्याला वीसनं गुणा, झोपाळा वीस अंश इकडं आणि वीस अंश तिकडं जाईल. आम्ही लिहिलं, चालवलं, आणि झोपाळा पंख्यासारखा आपल्याच पोटाभोवती डुगडुगायला लागला. कारण चित्राचा रजिस्ट्रेशन पॉइंट, म्हणजे ते ज्या बिंदूभोवती फिरतं तो बिंदू, मधोमध होता. तो नेऊन वर, कडी जिथं तुळईला अडकते तिथं ठेवला. मग लटकणं सुरू झालं.

तरी काहीतरी खटकत होतं. झोपाळा फार अधीर होता, एखाद्या खेळण्यातल्या घरातल्यासारखा. आमच्यातली एक सायन्स सोडून आलेली होती, तिनं लंबकाचं सूत्र काढलं. अडीच मीटरच्या कड्या असतील, तर एक येरझार सव्वातीन सेकंदांच्या आत-बाहेर. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर एका झोक्याला ७७ च्या आसपास, म्हणजे साइनला द्यायचा आकडा दर फ्रेमला साधारण ०.०८ नं वाढायला हवा. आम्ही ०.३ वाढवत होतो. आकडा बदलला आणि पडद्यावरच्या लाकडाला एकदम वजन आलं. चित्र तेच, रंग तेच. तोपर्यंत मला वजन हे फक्त छायेतून दाखवायची गोष्ट वाटायची. दर फ्रेमला झोक्याचा आवाका ०.९८ नं गुणला, म्हणजे तो दर वेळी किंचित घटत जातो, आणि सहा-सात सेकंदांत झोपाळा स्थिरावतो. खरा झोपाळा इतक्या लवकर थांबत नाही हे आम्हाला माहीत होतं. पण खऱ्याइतका वेळ दिला तर बघणारा पुढं सरकत नाही, नुसता झोके मोजत बसतो. तिथं आम्ही भौतिकशास्त्राला नम्रपणे बाजूला बसवलं.

(अंश आणि रेडियन या कोनाच्या दोन मापांचा घोळ झालाच. साइनला कोन रेडियनमध्ये लागायचा आणि फिरवण्याचा गुणधर्म अंशात. फ्लॅश शिकलेल्या प्रत्येकाला १८० भागिले पाय (π) हे झोपेत विचारलं तरी सांगता येतं.)

आता दाराबद्दल. दार सोपं वाटलं होतं. क्लिक केलं की उघडेल, पुन्हा क्लिक केलं की मिटेल. बंद असेल तर उघड, उघडं असेल तर बंद कर. सर प्रात्यक्षिक बघायला आले ते कॉलेजच्या शिपाईमामांना घेऊनच. मामांना खुर्चीत बसवलं, माऊस त्यांच्या हातात दिला आणि आम्हाला ताकीद, कुणी तोंड उघडायचं नाही.

मामांनी दिंडी दरवाजावर बाण नेला आणि खटखट दोनदा दाबलं. दार किंचित थरथरलं आणि बंदच राहिलं. मामांनी परत खटखट केलं. परत तेच. “अडकलंय जणू,” मामा म्हणाले, आणि आमच्याकडे असं बघितलं की दार दुरुस्त करायला आता तेच पक्कड घेऊन येतील.

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ऑफिसातल्या संगणकावर कुठलंही चित्र उघडायचं तर दोनदा दाबावं लागतं, हे त्यांना कुणीतरी नीट शिकवलं होतं. त्यांच्या पहिल्या क्लिकनं आमचं दार उघडायला लागायचं आणि दुसरी क्लिक लगेच ते मिटवायची. आम्हा सगळ्यांच्या डोक्यात दाराच्या दोनच स्थिती होत्या, कारण आम्ही दाराची दोनच चित्रं काढली होती. दार उघडत असताना ते काय असतं, याचं चित्र कुणी काढत नाही.

सरांनी बोर्डावर चार शब्द लिहिले. बंद, उघडत आहे, उघडं, मिटत आहे. मग विचारलं, “उघडत असताना कुणी दाबलं तर काय करायचं?” आमच्यात तीन मतं पडली. एक म्हणे, दुर्लक्ष करायचं. दुसरी म्हणे, लक्षात ठेवायचं आणि पूर्ण उघडल्यावर मिटायचं. तिसरा म्हणे, जिथं असेल तिथून उलटं फिरवायचं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, “मला काय विचारताय? दार तुमचं आहे.” मग आम्ही शनिवारची उरलेली दुपार भांडलो. आणि भांडता भांडता कळलं की प्रत्येक वस्तूचं उत्तर वेगळं आहे. सागवानी दिंडी दरवाजा एकदा ढकलला की त्यानं आपला वेळ घ्यावा, मधल्या दाबण्याकडे दुर्लक्ष करावं. झोपाळ्यानं मात्र प्रत्येक धक्का घ्यायलाच हवा, हलत असला तरी, आणि चुकीच्या वेळी दिलेल्या धक्क्यानं थोडं अडखळायलाही हवं. माजघरातल्या दिव्याच्या बटणाला मधली स्थितीच नाही, दाबाल तितक्या वेळा खटकन चालू-बंद. हा सगळा आमच्या दृष्टीनं डिझाइनचा भाग होता, आणि त्यातलं काहीही चित्राच्या कागदावर दिसत नव्हतं.

माझं म्हणणं आहे ते एवढंच. डिझायनरनं कोड शिकावा की नाही, यावर गेली वीस वर्षं वाद चालू आहे आणि दोन्हीकडचे लोक नोकरीच्या भाषेत बोलतात. प्रोग्रामर स्वस्त पडतो, डिझायनरचा वेळ महाग, प्रत्येकानं आपापलं काम करावं, वगैरे. पण दार किती वेळात उघडावं आणि मध्येच दाबलं तर काय व्हावं, हे कुणी ठरवायचं? कोड न लिहिणाऱ्या डिझायनरला हा प्रश्न पडतच नाही, कारण त्याच्या फाइलमध्ये उघड्या दाराचं एक पान असतं आणि बंद दाराचं एक. मग तो प्रश्न रात्री अकरा वाजता, उद्या काम द्यायचं असताना, एखाद्या दमलेल्या प्रोग्रामरच्या पुढ्यात येतो. तो बिचारा जे सुचेल ते लिहितो आणि घरी जातो. आपण रोज वापरतो त्या निम्म्या अॅपांमधला वैताग असा जन्माला आलेला आहे, असं मला खात्रीनं वाटतं. तिकिटाचे पैसे भरताना बटण दोनदा दाबलं गेलं आणि पोटात गोळा आला, हे दाराचंच भावंड.

आमच्या वाड्याचं मराठी हे एक स्वतंत्र प्रकरण होतं. फ्लॅशला देवनागरी नीट मांडता यायची नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीनं, ‘किल्ला’ लिहिलं की ह्रस्व वेलांटी ‘क’च्या अलीकडे न येता पलीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षराचा पाय मोडलेला दिसायचा. फ्लॅश प्लेअरमध्ये अशा लिप्या जुळवून मांडणारी यंत्रणा आली ती २००८ च्या दहाव्या आवृत्तीत. तोवर सगळे करत ते आम्हीही केलं. श्री-लिपीसारखे जुने फाँट वापरायचे, ज्यात आतून इंग्रजी अक्षरं असतात आणि वरून मराठी दिसतं, आणि मग ‘ब्रेक अपार्ट’ करून अक्षरांचे आकार करून टाकायचे. आकार झाला की फाँट असो नसो, अक्षर हलत नाही. लेटरिंग शिकलेल्या आम्हाला तर तो सणच होता, आकार झाल्यावर एकेक वेलांटी ओढून हवी तशी करता यायची.

पण स्क्रिप्टला ते अक्षर राहत नाही, नुसतं चित्र होतं. माऊस घंगाळावर नेला की ‘घंगाळ’ दिसायला हवं, फिरकीच्या तांब्यावर नेला की ‘फिरकीचा तांब्या’. शब्द बदलायचा तर कसा? मग आम्ही एक मूव्ही क्लिप, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या फ्रेमा असलेला तुकडा, केली, तिच्या प्रत्येक फ्रेमवर एकेक शब्दाचं चित्र ठेवलं आणि स्क्रिप्टला सांगितलं, घंगाळ असेल तर नवव्या फ्रेमवर जाऊन थांब. आख्खा शब्दकोश असा फ्रेमांवर मांडलेला. इंग्रजीत काम करणाऱ्याला एका ओळीत जे व्हायचं त्याला आम्हाला एक दिवस लागायचा. आज कुठल्याही ब्राउझरमध्ये ‘किल्ला’ बिनबोभाट उमटतो आणि मुलांना त्यात काही विशेष वाटत नाही. तसंच असायला हवं.

त्याच काळात, एप्रिल २००५ मध्ये, अडोबी मॅक्रोमीडियाला विकत घेणार अशी बातमी आली. लॅबमध्ये चर्चा, आता फ्लॅश बंद पडणार का? सर म्हणाले, साधनं पडतातच बंद, तुम्ही आज शनिवार आहे तेवढं बघा. फ्लॅश त्यानंतर पंधरा वर्षं टिकला. २००७ च्या आयफोनमध्ये तो नव्हता, २०१० च्या एप्रिलमध्ये स्टीव्ह जॉब्जनं जाहीर पत्र लिहून तो का नको हे सांगितलं, २०१७ मध्ये अडोबीनं मुदत जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २०२० ला आधार काढून घेतला. १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनंच फायली चालवायला नकार दिला. आमचा वाडा ‘रफल’ नावाच्या मुक्त स्रोत प्रतिरूपकावर (इम्युलेटरवर) अजूनही उघडतो. जुनं अॅक्शनस्क्रिप्ट त्याला चांगलं येतं. पेठेतल्या खऱ्या वाड्याच्या जागी सात मजली इमारत आहे आणि तिला वाड्याचंच नाव दिलंय, हे पुण्यात सांगायला नको.

मला फ्लॅशबद्दल हळवं व्हायचं नाही. बॅटरी खायचा, सुरक्षेची भोकं असायची, दृष्टी नसलेल्या माणसाला त्यातलं बहुतेक काम वाचूनच दाखवता यायचं नाही. त्या काळात प्रत्येक संकेतस्थळाला असलेला ‘इंट्रो वगळा’ हा पर्यायच पुरेसं सांगून जातो. आमची जी पिढी तिथून जावास्क्रिप्टकडे आली, तिला व्याकरण ओळखीचं होतं, आणि ग्रीनसॉकसारखी हालचालीची साधनं तर फ्लॅशमधूनच उठून २०१२ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये आली. त्यामुळं बिऱ्हाड हलवताना फार भांडी फुटली नाहीत.

आता मीही शनिवारी शिकवायला जाते. आमच्या वेळी नव्हतं ते ‘पीफाइव्ह’ आता आहे. बेन फ्राय आणि केसी रीस यांनी २००१ मध्ये कलावंतांसाठी ‘प्रोसेसिंग’ हे कोड लिहायचं साधन सुरू केलं, त्याचा २०१३ मध्ये लॉरेन मॅकार्थी यांनी ब्राउझरसाठी घडवलेला अवतार. फुकट आहे, कुठल्याही लॅपटॉपवर चालतं, दहा ओळींत पडद्यावर काहीतरी हलतं. मुलं पटकन शिकतात. पण आमचे जुने घोळ नव्या कपड्यांत परत येतात. मागच्या वर्षी एका मुलानं पीफाइव्हशिवाय, नुसत्या जावास्क्रिप्टमध्ये केलेलं फुलपाखरू त्याच्या फोनवर छान उडत होतं आणि शेजारणीच्या नव्या फोनवर दुप्पट वेगानं. तिच्या फोनचा पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा व्हायचा, याचा ६० वेळा, आणि यानं फुलपाखराला ‘दर फ्रेमला इतकं सरक’ असं सांगून ठेवलं होतं. आमचा झोपाळाही कॉलेजच्या दमदार पेंटियम संगणकावर डौलात आणि घरच्या स्वस्तातल्या सेलेरॉनवर आजारी हलायचा. फ्रेम मोजायच्या नाहीत, मागच्या वेळेपासून किती मिलिसेकंद गेले ते विचारायचं, मग सरकायचं. हे मी फळ्यावर लिहिते आणि निम्मा वर्ग ते फुलपाखरू पळाल्याशिवाय ऐकत नाही.

आणि आता एआय आहे. मुलं त्याला सांगतात, झोपाळा करून दे, आणि झोपाळा येतो. साइन असतं, रेडियनचं गणित बरोबर, कडी योग्य जागी. मी ‘वापरू नका’ म्हणत नाही, मीही वापरते. फक्त त्यांना विचारते, हा आकडा ०.०५ का? कोण बसलंय या झोपाळ्यावर? धक्का मध्येच दिला तर? ज्याला उत्तर देता येतं, त्यानं कोड कुठूनही आणला असेल तरी माझी हरकत नाही. एक मुलगी म्हणाली, “मॅम, पण तो धक्क्याकडे दुर्लक्ष करतोय हे मला तुम्ही विचारेपर्यंत दिसलंच नाही.” दिसणार कसं, तिनं मामांसारखं कुणाला समोर बसवलंच नव्हतं. आता माझ्या वर्गात नियम आहे, कॅन्टीनमधल्या कुणाला तरी बोलवायचं, फोन हातात द्यायचा आणि गप्प राहायचं. मुलांना सगळ्यात अवघड जातं ते गप्प राहणं. “नाही, इथं दाबा ना काका,” असं तोंडातून निघतंच.

सध्या रत्नागिरीकडची एक विद्यार्थिनी विहीर करतेय. फोनच्या पडद्यावर कप्पी, दोर आणि पोहरा. बोटानं दोर खाली ओढला की पोहरा वर येतो. रिकामा पोहरा बोटाबरोबर येतो, भरलेला मात्र बोटाच्या चार दशांशच अंतर चढतो, म्हणजे पाण्याचं वजन कळावं. कल्पना तिची, आकडाही तिचा. तिच्या आजीला तो बरोबर वाटला. कॅन्टीनमधल्या पोऱ्याला फोन अडकलाय असं वाटलं, त्यानं जोरजोरात बोट घासलं आणि पानच मागं गेलं. मग तिनं कप्पीची कुरकुर घातली, दोर सरकतोय तोवर आवाज यावा म्हणून. पण अर्धी दुनिया फोन मुका करून ठेवते. मग भरलेल्या पोहऱ्याला फोन थरथरवायचा प्रयोग केला, तो अँड्रॉइडवर चालला आणि आयफोनच्या सफारीत ती सोयच नाही. आकडा सहा दशांश करावा का, यावर मागचा शनिवार गेला. मी म्हटलं कर, ती म्हणते मग ते पाणी राहत नाही. येत्या शनिवारी ती ताण आल्यावर दोर किंचित बारीक होताना दाखवून बघणार आहे.